सी व्हिटॅमिन आणि किडनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीच्या रुग्णांना आहार सांगायला बसलं की क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या, खालोखाल चौकशी होते ती सी व्हिटॅमिनची. 'अँटिऑक्सिडंट आहे, किडनीला चांगलं' असा फॉरवर्ड मोबाइलवर आलेला असतो आणि पिशवीत गोळ्यांची पट्टी असते. कोविडच्या काळात घरोघरी शिरलेली ही नारंगी गोळी अजून काही बाहेर पडलेली नाही. खालचे प्रश्न लोकांनी विचारलेलेच आहेत, शब्द थोडे इकडचे तिकडे केलेत. औषध सुरू किंवा बंद करायचं असेल तर मात्र तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोला, इथलं वाचून परस्पर काही करू नका.

सी व्हिटॅमिनमुळे किडनीचं रक्षण होतं, हे खरं की खोटं?

उंदरांत खरं. माणसांत एखाद-दुसऱ्या प्रसंगी आशा वाटावी असे निकाल आले, पण मोठ्या अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिलेला नाही. रोज एक ग्रॅमची गोळी घेतल्याने किडनी शाबूत राहते, असा पुरावा नाही. उलट आधीच कमजोर असलेल्या किडनीला तीच गोळी बाधू शकते. जेवणातलं सी मात्र हवंच, किडनीच्या रुग्णालाही हवं. एवढ्यावर समाधान झालं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

अँटिऑक्सिडंट किडनीत जाऊन नेमकं करतं काय?

आधी किडनीचा व्याप बघा. दोन्ही मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्के परत शोषून घेतला जातो. हे शोषायचं काम बारीक नलिकांच्या पेशी करतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा मायटोकाँड्रिया तयार करतात, म्हणून या पेशी मायटोकाँड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात. ऊर्जा तयार होताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. तेच ते फ्री रॅडिकल. निरोगी पेशी स्वतःची एन्झाइम्स वापरून त्यांचा रोजच्या रोज निकाल लावते.

गडबड होते ती रक्तपुरवठा तुटून परत सुरू झाल्यावर. किडनीच्या आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, ऑक्सिजन एरवीही फार कमी असतो. १० ते २० मिलिमीटर पाऱ्याइतकाच. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, ऑपरेशनमध्ये बीपी कोसळलं, रक्तात जंतुसंसर्ग पसरला की हा भाग पहिला उपाशी राहतो. मग सलाइन लागतं, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि नेमक्या त्या क्षणी फ्री रॅडिकल भसाभसा तयार होतात. ते पेशीच्या आवरणातल्या चरबीवर तुटून पडतात. चरबीचा एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळीच लागते.

ही साखळी तोडायला दोन व्हिटॅमिन्स मिळून काम करतात. ई आवरणाच्या आत, चरबीत बसलेलं असतं. ते रॅडिकलला आपला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतं आणि स्वतः निकामी होतं. सी बाहेर पाण्यात असतं. ते ईला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा उभं करतं. खो-खोत बसलेल्या गड्याने खो मिळताच उठावं, तसं हे चालतं. कागदावर हे इतकं देखणं दिसतं की किडनीच्या प्रत्येक आजारावर सी द्यावं असा मोह कुणालाही व्हावा.

पण एक मेख आहे. आसपास सुटं लोह असेल तर सी उलटं वागतं. वापरून संपलेल्या लोहाला ते परत कामाला जुंपतं आणि लोह सगळ्यात घातक प्रकारचा रॅडिकल तयार करतं. प्रयोगशाळेत पेशींच्या आवरणाची मुद्दाम नासाडी करून दाखवायची असेल तर परीक्षानळीत काय घालतात माहीत आहे? लोह आणि सी व्हिटॅमिन. आणि जखमी किडनीत सुटं लोह असतंच. स्नायू चिरडले, रक्तपेशी फुटल्या की तर फारच.

उंदरांवर सिद्ध झालंय ना? मग माणसाला का लागू होत नाही?

या एका प्रश्नात सगळा घोळ आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ठरलेला प्रयोग असा असतो. पांढरे विस्टार उंदीर घ्यायचे. त्यांना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किलोमागे ८० ते १०० मिग्रॅ या हिशेबाने आठवडाभर टोचायचं, किंवा सिस्प्लाटिन हे कॅन्सरचं औषध एकदाच मोठ्या मात्रेत द्यायचं, किंवा किडनीची रक्तवाहिनी चिमट्याने अर्धा-पाऊण तास बंद ठेवायची. एका गटाला सोबत सी द्यायचं, दुसऱ्याला नाही. शेवटी रक्तातलं युरिया-क्रिएटिनिन, चरबी किती नासली हे दाखवणारं मॅलॉनडायअल्डिहाइड आणि पेशींची संरक्षक एन्झाइम्स मोजायची. सी मिळालेल्या गटाचे आकडे सहसा चांगले येतात. असे प्रयोग भारतातही भरपूर झालेत. निकाल खोटे आहेत असं माझं बिलकूल म्हणणं नाही.

अडचणी वेगळ्याच आहेत. पहिली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. उंदीर आपलं सी स्वतः तयार करतो, त्याच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम आहे. माणसात त्या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं आहे. गिनीपिगचीही तीच गत. म्हणजे ज्याच्या घरातच सी पिकतं त्या प्राण्याला वरून आणखी सी देऊन काय झालं, हे आपण मोजलं आणि ते आपल्याला लावलं.

दुसरी अडचण मात्रेची. उंदरांना किलोमागे २०० ते ५०० मिग्रॅ देतात. उंदराची मात्रा माणसासाठी काढताना साधारण ६.२ ने भागायची रीत आहे. ५०० ला भागलं तर किलोमागे ८० आले, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ पावणेपाच ते पाच ग्रॅम. पाचशेच्या दहा गोळ्या. रोज.

तिसरी वेळेची. उंदराला सी आधी देतात आणि इजा मग करतात. तुमचे काका हॉस्पिटलमध्ये येतात तेव्हा इजा होऊन गेलेली असते. क्रिएटिनिन चढायलाच एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे रिपोर्ट हातात पडेपर्यंत रॅडिकलचा धुमाकूळ केव्हाच उरकलेला असतो.

शिवाय उंदीर तरुण असतो, त्याला मधुमेह नसतो, बीपीच्या तीन गोळ्या चालू नसतात.

माणसांवर कोणी करून पाहिलं का?

पाहिलं की. अँजिओग्राफीत रक्तवाहिनी दिसावी म्हणून जो डाय सोडतात त्याने काहींची किडनी दुखावते. इथे एक सोय होती. इजा कधी होणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे उंदरासारखं आधी औषध देता येतं. ग्रीसमध्ये स्पार्गिआस आणि सहकाऱ्यांनी क्रिएटिनिन १.२ किंवा जास्त असलेल्या २३१ रुग्णांवर हा अभ्यास केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. डायच्या किमान दोन तास आधी ३ ग्रॅम सी, मग त्या रात्री २ आणि दुसऱ्या सकाळी २ ग्रॅम. सी घेतलेल्यांत ९ टक्के जणांचं क्रिएटिनिन वाढलं, नुसत्या साखरगोळीवाल्यांत २० टक्के. आकडे छानच आहेत.

मग सगळीकडे सी का देत नाहीत? त्यासाठी एका वेगळ्या औषधाची हकीगत सांगावी लागेल. ॲसिटिलसिस्टीन. हेही अँटिऑक्सिडंटच. २००० साली जर्मनीत ८३ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात त्याचा निकाल याहून देखणा आला: औषध घेतलेल्यांत २ टक्के, बाकीच्यांत २१. जगभर अँजिओग्राफीच्या आधी ते देण्याची पद्धत पडली, आपल्याकडेही पडली. २०१८ साली पाच हजारांच्या आसपास रुग्णांचा 'प्रिझर्व्ह' अभ्यास आला. त्यात फायदा शून्य. छोट्या अभ्यासात दहा-वीस जणांच्या क्रिएटिनिनमधला ०.३ किंवा ०.५ चा चढउतार सगळा निकाल फिरवतो. डायलिसिस लागला का, माणूस जगला का, हे कळायला हजारो रुग्ण लागतात. सीची अशी मोठी परीक्षा डायच्या बाबतीत झालेलीच नाही, आणि ॲसिटिलसिस्टीनचं जे झालं ते पाहता न झालेल्या परीक्षेचे गुण आधीच देऊन टाकणं मला पटत नाही.

पुढच्या आठवड्यात माझी अँजिओग्राफी आहे. दोन दिवस आधीपासून सी घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: माझं ताजं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) किती, आधी-नंतर सलाइन लावणार का, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, पाणी उतरवायच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या यांतलं काय थांबवायचं. डाय जितका कमी वापरता येईल तितका वापरणं हे डॉक्टरांच्या हातात असतं आणि ते करतातही. डायची जेवढी भीती पूर्वी होती तेवढी आता राहिलेली नाही, विशेषतः सीटी स्कॅनसाठी हाताच्या शिरेतून देतात त्या डायची. त्या भीतीपायी गरजेचा स्कॅन पुढे ढकलू नका.

आयसीयूत शिरेतून सी देतात असं ऐकलं. त्याने किडनी वाचते का?

हे २०१७ मध्ये फार गाजलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकचे डॉ. पॉल मॅरिक यांनी सेप्सिसच्या, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या, ४७ रुग्णांना दर सहा तासांनी दीड ग्रॅम सी, सोबत स्टेरॉइड आणि थायमिन दिलं. त्यांतले ४ दगावले. आधीच्या काही महिन्यांतल्या तशाच ४७ रुग्णांपैकी मात्र १९ दगावले होते. किडन्याही लवकर सुधारल्या असं त्यांनी मांडलं. बातमी जगभर पसरली. पण त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, नव्या रुग्णांची तुलना जुन्या रुग्णांशी होती.

चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाले तेव्हा चित्र पालटलं. २०२० साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या २१६ रुग्णांत तेच मिश्रण वापरून काही फरक दिसला नाही. २०२२ चा 'लोव्हिट' अभ्यास तर सरळ इशाराच होता. ८७२ रुग्ण, किलोमागे ५० मिग्रॅ सी दर सहा तासांनी, चार दिवसांपर्यंत. २८ व्या दिवशी मृत्यू किंवा न सुधारलेले अवयव, असं सी गटात ४४.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८.५ टक्के. सीवाल्यांचं जास्त वाईट झालं. तेव्हा आयसीयूच्या बाहेर उभं राहून 'डॉक्टर, सीचं इंजेक्शन का देत नाही' असा आग्रह धरू नका.

पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीतून जातं. मग अपाय कसला?

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय! निम्मं खरं आहे. जास्तीचं सी लघवीतून जातं, पण सगळंच्या सगळं सी म्हणून जात नाही. काही भागाचं ऑक्झलेट होतं. ऑक्झलेट शरीराला कशाच्याही उपयोगाचं नाही आणि ते बाहेर टाकायचा रस्ता मुख्यतः एकच, किडनी. तिथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की खडा जमतो. अळूचं पान कच्चं चावलं तर घशाला खाज सुटते ना, ती ज्या सुयांमुळे, त्या सुया याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या असतात. बहुतेक मुतखडेही त्याचेच.

स्वीडनमध्ये २३ हजारांहून जास्त पुरुषांना ११ वर्षं पाहिलं गेलं. तिथे सीची गोळी सहसा एक ग्रॅमची असते. ती घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. साधी मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांत ते वाढलेलं नव्हतं.

मुतखडा निदान दुखतो तरी, कळतं. वाईट प्रकार न दुखणारा. नलिकांमध्ये सूक्ष्म स्फटिक साचत जातात, सूज येते, क्रिएटिनिन चढतं आणि कारण सापडत नाही. शेवटी किडनीचा तुकडा काढून ध्रुवीकृत प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते स्फटिक चमकतात. शिरेतून ४५ ते ६० ग्रॅम सी दिल्यावर असं झाल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून आहेत. तोंडाने रोज काही ग्रॅम घेणाऱ्यांतही झालेलं आहे, आणि कोविडच्या काळातही अशा केसेस छापून आल्या. धोका कुणाला जास्त? ज्यांची किडनी आधीच कमी चालते, ज्यांना मुतखडा होऊन गेलाय, ज्यांचं आतड्याचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, जुने जुलाब आहेत, पाणी कमी पितात. म्हणजे जे 'किडनीसाठी' म्हणून सी घ्यायला धावतात, नेमके तेच.

मग किती सी पुरेसं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषांना दिवसाला ८० मिग्रॅ, स्त्रियांना ६५ मिग्रॅ. निरोगी माणसासाठी अमेरिकेने घातलेली वरची मर्यादा २ ग्रॅम, पण तिच्यात 'निरोगी' हा शब्द विसरायचा नाही.

जास्त घेऊन काय हाती लागतं हे १९९६ साली अमेरिकेत मार्क लेव्हाइन यांच्या गटाने सात तरुणांना महिनोन्महिने रुग्णालयात ठेवून मोजलं होतं. दिवसाला १०० मिग्रॅलाच पेशी भरून गेल्या. २०० मिग्रॅपर्यंत घेतलेलं पूर्ण शोषलं गेलं, १२५० ला निम्म्याच्या आसपासच. आणि एक ग्रॅमला लघवीतलं ऑक्झलेट वाढू लागलं. पाचशेच्या गोळीतला बराचसा खर्च गटारात जातो, असं मी बोलताना म्हणते. अतिशयोक्ती थोडीशीच आहे.

सासूबाई रोज सकाळी आवळ्याचा रस घेतात. बंद करू का?

त्यांची किडनी चांगली असेल तर कशाला बंद करता? ताज्या आवळ्यात १०० ग्रॅममागे २५० मिग्रॅच्या आसपास सी असतं, म्हणजे एक मध्यम आवळा दिवसाची गरज भागवतो. पेरूही मागे नाही, १०० ग्रॅमला दोनशेच्या वर. मोरावळा आणि आवळा कँडीत मात्र साखर किती ते बघा. किडनीचा आजार पुष्कळदा मधुमेहातूनच आलेला असतो.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रस नको, फळ ठीक. रसात पाच-सहा फळं एका दमात पोटात जातात आणि सीच्या जोडीला पोटॅशियमही जातं, जे कमजोर किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही.

आंबट रसांबद्दल एक खास सावधगिरी. केरळात कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून लोकांनी बिलिंबीचा दाट रस प्यायला आणि दहा जणांची किडनी एकाएकी बंद पडल्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. कारण पुन्हा ऑक्झलेट. काहींना तात्पुरता डायलिसिस लागला, पुढे ते सावरले. हीच बिलिंबी गोव्यात आणि तळकोकणात परसात असते. माशाच्या कालवणात चार-दोन टाकली तर काही होत नाही, पेलाभर रस करून पिऊ नये. तिचा भाऊबंद कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, किडनीच्या रुग्णाने तोंडाला लावूच नये. डायलिसिसवरच्या लोकांना त्याने न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येतात. मृत्यूही झालेले आहेत.

बाबा डायलिसिसवर आहेत. त्यांच्यासाठी सी बंदच का?

नाही, आणि इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. डायलिसिसवर सी कमी पडण्याचीच शक्यता जास्त असते. कारणं घरातलीच आहेत. पोटॅशियमच्या भीतीने पेरू, संत्रं, मोसंबी, टोमॅटो सगळं बंद. उरलेली भाजी आम्हीच सांगितल्याप्रमाणे बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीला टाकायची. पोटॅशियम जातं हे खरं, पण त्याच पाण्यातून सीही मोरीत जातं. उरलंसुरलं आठवड्यातून दोन-तीनदा मशीन काढून घेतं. एका सत्रात रक्तातलं सी जवळपास निम्म्यावर येऊ शकतं.

हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, साध्या धक्क्याने निळं-काळं पडणं, जखम न भरणं अशी लक्षणं दिसली तर ती रक्त पातळ करायच्या औषधाच्या माथी मारून मोकळं होऊ नका. युनिटमध्ये सांगा. स्कर्व्ही, म्हणजे सी कमी पडल्याने होणारा आजार, फक्त खलाशांना व्हायचा असं नाही.

उपाय लहान मात्रेचा. डायलिसिसच्या रुग्णांसाठीच्या गोळीत बी गटासोबत बऱ्याचदा ६० ते १०० मिग्रॅ सी असतं, ते पुरतं. ही गोळी डायलिसिस झाल्यावर घ्यायची, आधी घेतली तर मशीन ती धुऊन काढतं. ५०० किंवा १००० ची घ्यायची नाही, कारण ऑक्झलेट बाहेर टाकायला आता किडनी नाही. डायलिसिसने ते निघतं, पण पुरतं निघत नाही. मग हाडं, सांधे, रक्तवाहिन्या, हृदय यांत साचतं. लोह भरपूर असूनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर डॉक्टर कधीकधी डायलिसिसच्या वेळी शिरेतून सी देतात. ते मोजून आणि काही काळापुरतं असतं, त्याची नक्कल घरी गोळ्यांनी करायची नाही.

बाबांच्या पिशवीतली पट्टी एकदा मागूनच घ्या. अशाच एका पिशवीतून बाहेर आलं ते असं: पाण्यात टाकायची फसफसणारी एक ग्रॅमची गोळी, च्यवनप्राशचा डबा, 'इम्युनिटी' लिहिलेलं सरबत आणि डॉक्टरांनी दिलेली खरी गोळी, न फोडलेली. फसफसणाऱ्या गोळीच्या नळीवरचं बारीक अक्षर वाचलं तर सीपलीकडे सोडियमही सापडतं. काही गोळ्यांत ते दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत असतं. घरात मीठ मोजून घालायचं आणि इथे पेल्यातून ढोसायचं!

ई व्हिटॅमिन घेतलं तर?

२००० साली इस्रायलमध्ये हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस रुग्णांना रोज ८०० युनिट ई दिलं तेव्हा हार्ट अटॅक आणि तत्सम घटना निम्म्यावर आल्या होत्या. पण ४०० युनिट देऊन केलेल्या 'होप' या मोठ्या अभ्यासात सौम्य-मध्यम किडनी विकार असलेल्यांना काहीच लाभ झाला नाही. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या 'सिलेक्ट' अभ्यासात, २०११ साली, रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. डायलिसिसवर असलेल्यांनी ई आणि ए सरसकट घेऊ नयेत असंच आताचं मार्गदर्शन आहे. शेंगदाणे, तीळ, करडई-सूर्यफुलाचं तेल यांतून ई मिळतं तेवढं बस.

पार्लरमध्ये 'ग्लो ड्रिप' देतात, त्यात सी आणि ग्लुटाथायोन असतं. किडनीला डिटॉक्स होतं म्हणाले.

डिटॉक्स करायचं काम किडनीचं आहे, तिला करायचं नसतं. अशा ड्रिपमध्ये काही ग्रॅम सी थेट शिरेत जातं, आतड्याची गाळणी चुकवून. तिथे क्रिएटिनिन कोण बघतं? शिवाय जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेने रक्तपेशी फुटतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन किडनीत अडकतं. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही, पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत तर चांगलीच आढळते. अशी ड्रिप घेऊ नका.

सीमुळे रिपोर्ट चुकतात का?

चुकू शकतात. शिरेतून जास्त सी दिलेलं असेल तर बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र खोटी वाढलेली साखर दाखवतं. त्या आकड्यावर इन्सुलिन टोचलं तर खरी साखर धोकादायक खाली येते. किडनीचं काम कमी असेल तर सी रक्तात जास्त वेळ राहतं, म्हणून हा घोटाळाही जास्त वेळ टिकतो. लघवीच्या पट्टीवर उलट, साखर किंवा रक्त असूनही नाही असं दिसू शकतं. तपासणीला जाताना सीची गोळी चालू आहे हे लॅबमध्ये सांगा, कुणी विचारलं नाही तरी.

मग किडनीला अचानक इजा होऊ नये म्हणून करायचं काय?

आपल्याकडे किडनी एकाएकी कशाने बसते ते पाहा: जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी जाणं, सेप्सिस, कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), घोणस चावणं, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. यांतल्या एकावरही सी हा उपाय नाही. जुलाबात ओआरएस. घोणस चावली तर वेळ न घालवता प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात. पावसाळ्यात चिखलात काम करून ताप आला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, कारण लेप्टोवर साधी अँटिबायोटिक्स वेळेत चालतात. मधुमेह किंवा बीपी असेल तर दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. भट्टीतली भस्मं आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या यांबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, ते रागावले तरी.

घरात पाचशेच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या पडून आहेत. टाकून देऊ?

घरातल्या कुणाला किडनीचा आजार, मुतखडा किंवा डायलिसिस असेल तर त्यांच्या हाताशी ठेवू नका. इतरांनी सर्दी-पडशात एखादी चघळली तर आभाळ कोसळत नाही. मागची तारीख बघा, बहुतेक घरांत ती उलटून गेलेली असते. नवीन आणायच्या पैशांत हंगामात किलोभर आवळे येतील. किसून, मीठ लावून वाळवलेत तर वाळवणात सी बरंच जातं, म्हणून ताजेच खा, आणि किडनीचा रुग्ण असेल तर त्या दिवशीच्या पोटॅशियमच्या हिशेबात धरून एकच.